अजिंठा ते तुळजापूर: वाइनच्या बाटलीला आकार कुठून येतो

गुरुवार : अजिंठा

दादा तुळजापूरकडून आला तो बाटल्यांचा कॅटलॉग काखेत मारूनच. माझा हा चुलतभाऊ बरीच वर्षं वाइनची द्राक्षं लावतो आणि नाशिककडच्या एका वायनरीला घालतो. यंदा त्याच्या गटातल्या शेतकऱ्यांनी ठरवलंय की थोडी वाइन तिथूनच आपल्या नावाने भरून घ्यायची. नाव ठरलेलं नाही, लेबलचा पत्ता नाही, पण बाटली मात्र दादाने मनात पक्की केलेली : तिकोनी पोटाची, मानेला पीळ दिलेली. "दुकानात लांबून दिसली पाहिजे बघ. नाव वाचायच्या आधी आपली म्हणून कळली पाहिजे," तो म्हणाला.

मी वाळूजला औषधांच्या पॅकेजिंगमध्ये काम करते. दिवसभर बाटल्यांशीच गाठ. त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटतही होतं आणि त्याची काळजीही वाटत होती. विचित्र दिसणाऱ्या बाटल्यांपैकी ज्या टिकल्या, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी रोकडी अडचण होती. नुसती हौस म्हणून आकार निवडला तर तो पहिल्या वर्षीच पैसे खातो. हे त्याला फोनवर सांगून पटलं नसतं. वहिनींना अजिंठा बघायचा होता, पैठणला नाथांचं आणि तेरला गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं होतं. मीही रजा टाकली आणि गाडीत बसले.

सिल्लोडमार्गे अजिंठ्याला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. फाट्यावर गाडी लावून पुढे बस घ्यावी लागते. पहिल्या लेण्यात चपला काढून आत गेलं की डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो. बोधिसत्त्व पद्मपाणीपुढे सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. पण मला दादाला दाखवायचं होतं ते छतावर. तिथे चौकटीत एक दाढीवाला परदेशी माणूस बैठकीवर बसलाय, डोक्याला टोपी, हातात पेला आणि आजूबाजूला सेवा करणारी माणसं. एकोणिसाव्या शतकात लेण्यांचा अभ्यासक फर्ग्युसनने हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो असावा असं मांडलं होतं. लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि खुस्रो त्यानंतर शंभरेक वर्षांनी गादीवर आलेला, म्हणून ते मत मागे पडलं. माणूस कोणी का असेना, परदेशी पाहुणा म्हटला की हातात पेला हवाच, हे त्या चितारणाऱ्याला माहीत होतं.

सतराव्या लेण्याच्या पडवीत राजपुत्र आणि त्याची प्रिया मद्य पिताना दाखवलीत. दादा बराच वेळ मान वर करून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणजे आपल्या मुलखात हे काही नवं नाही."

नवं नाहीच. पण भांडं बघावं लागतं. सुरईचं पोट फुगीर आणि गळा अरुंद असतो तो शोभेसाठी नाही. द्रव पदार्थाचा हवेशी जेवढा कमी संबंध येईल तेवढा तो टिकतो, शिवाय ओतताना धार हातात राहते. आजच्या वाइनच्या बाटलीची मान लांब असते त्याचं मूळ कारण हेच, आणि बूच घट्ट बसायला सरळ नळी लागते हे दुसरं. पोटाचा आकार कितीही बदला, ते तोंड सहसा ठरलेल्या मापाचंच ठेवतात, नाहीतर बूच आणि झाकण दोन्ही वेगळी बनवून घ्यावी लागतात. दादाच्या कॅटलॉगमधल्या पिळाच्या मानेचं माप तिथे लिहिलेलंच नव्हतं.

शुक्रवार : पैठण

नाथांच्या वाड्यात वहिनी निवांत बसल्या. मी आणि दादा नागघाटाकडे गेलो. गोदावरीला पाणी बेताचं होतं.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी टिपणात त्याचं नाव येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून गोमेद जातीचे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला न्यायचे. त्याच टिपणात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात वाइन आहे. पसंती इटलीच्या वाइनला, खालोखाल लाओदिकियाची आणि अरबस्तानची.

मला ही ओळ फार आवडते. दोन हजार वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक गावाचं नाव बघूनच वाइन निवडत होतं. आणि गावाचं नाव लांबून ओळखायची खूण होती भांड्याचा आकार. कोस या ग्रीक बेटाची वाइन नामांकित होती. तिच्या मडक्याला दोन दांड्या जोडून केलेले कान असत. पुढे इटलीतल्या कुंभारांनी तसेच जोडकान आपल्या मडक्यांना लावायला सुरुवात केली. ती मडकी आधीच्या इटालियन मडक्यांपेक्षा हलकी आणि पातळ भिंतीची होती, हा जहाजवाल्याचा फायदा. कान मात्र नावाजलेल्या वाइनची आठवण करून द्यायला.

"म्हणजे नक्कल," दादा म्हणाला.

नक्कल तर होतीच, पण त्यावरून आकाराची ताकद कळते. जे उचलण्यासारखं नसतं त्याची नक्कल कोणी करत नाही.

पैठणहून बीडकडे निघालो तेव्हा जेवण जड झालेलं. गाडीत काचेचा विषय निघाला. काचेची बाटली वाइन साठवायला फार उशिरा आली, कारण जुनी काच पातळ आणि ठिसूळ. टेबलावर आणून ओतण्यापुरताच तिचा उपयोग. इंग्लंडमध्ये १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला राजाने बंदी घातली, कारण लाकूड जहाजांसाठी हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच जाड, गडद, मजबूत निघू लागली. त्या बाटल्या कांद्याच्या घाटाच्या होत्या, बूड रुंद आणि पोट बसकं. उभ्या छान राहायच्या, पण आडव्या रचता यायच्या नाहीत. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची गरज पटत गेली तसतशा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटल्या उंच आणि सरळ झाल्या. आज आपण जिला साधी बाटली म्हणतो ती या रचून ठेवण्याच्या गरजेतून आली.

दादाने पिळाची बाटली आडवी रचता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, तूच विचार कर. त्याने गेवराई येईपर्यंत काही बोलणं काढलं नाही.

शनिवार : तेर

या दिवसाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

धाराशिवहून तेर जवळ. तेरणेच्या काठचं हे गाव एके काळी रोमपर्यंतच्या व्यापाराशी जोडलेलं होतं, हे गावात शिरताना सांगून पटत नाही. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय इथे आहे. भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, आणि पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. वहिनी मण्यांच्या कपाटापुढून हलेनात. मला एका गावकऱ्याच्या नादातून उभं राहिलेलं हे काम बघून दर वेळी भरून येतं. सरकारी मोहिमा पुढे झाल्या, पण शेतात नांगराला लागलेली खापरं आधी त्यांनी वेचली.

रोमन वाइनची उंच मडकी, ज्यांना अँफोरा म्हणतात, त्यांचे तुकडे भारतात बऱ्याच ठिकाणी मिळालेत. केरळातलं पट्टणम्, पुदुच्चेरीजवळचं अरिकमेडू ही ठळक नावं. पूर्वी सरसकट रोमन म्हणून नोंदलेल्या काही तुकड्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ते इराणी आखाताकडून आलेल्या, आतून डांबर फासलेल्या लांबट रांजणांचे निघाले. म्हणजे या किनाऱ्यावर माल दोन्हीकडून येत होता, आणि कुठून आला हे खापराच्या मातीवरून आणि घाटावरून ओळखता येतं. भांडं गेलं, आतली वाइन तर कधीच गेली. ओळख राहिली ती घाटात.

अँफोराचं बूड निमुळतं, जवळजवळ टोकदार. उभंच राहणार नाही अशी वस्तू कोण बनवेल, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. पण ते मडकं घरात टेबलावर उभं राहायला बनवलेलंच नव्हतं. जहाजाच्या पोटात एका थरातल्या मडक्यांच्या खांद्यांमध्ये वरच्या थराची टोकं बसायची, त्यामुळे माल हलायचा नाही. टोकाजवळ माती जाड असल्याने आदळआपट सोसायची. आणि पंचवीस-सव्वीस लिटरचं भरलेलं मडकं ओतायचं झालं की ते टोक तिसरा कान म्हणून हातात यायचं. एका घाटात तीन अडचणी सुटल्या.

गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन बाहेर पडलो. संत गोरा कुंभार याच गावचे. सगळी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून कोणतं मडकं कच्चं ते पारखलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट वहिनींनी गाडीत पुन्हा सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकतेय, पण या वेळी मला त्यातलं थापटणं जास्त दिसलं. भाजलेलं मडकं वाजवून पारखायचं, ही आमच्याकडे आजही चालणारी तपासणी आहे. काचेला चीर असेल तर आवाज बद्द येतो.

गावात एका कुंभारकाकांच्या अंगणात माठ घडवायचं काम चालू होतं. चाकावर फक्त तोंड आणि खांदा उठवलेला, बूड अजून जाडच. काका डाव्या हाताने आतून दगडी गोटा धरत होते आणि उजव्या हातातल्या थापटण्याने बाहेरून ठोकत माठ फिरवत होते. दर ठोक्याला माती कणभर सरकायची. जाड बूड हळूहळू पातळ आणि गोल होत गेलं. दादा उकिडवा बसून बघत राहिला.

"काका, बूड सपाट का नाही करत? उभा राहील की," त्याने विचारलं.

"सपाट केलं की कडेला चीर जाती," काका न थांबता म्हणाले. "आव्यात भाजताना कोपरा पहिला फुटतो. गोल बुडाला कोपराच नाही. बसवायला चुंबळ हाय की."

दादाने माझ्याकडे बघितलं. काचेचंही असंच असतं. वितळलेली काच साच्यात फुंकली की ती कोपऱ्यापर्यंत पोचेतो ताणली जाते आणि तिथे पातळ पडते. तिकोनी बाटलीचे तीन कोपरे म्हणजे फुटायच्या तीन जागा. ते टाळायला काच जाड घ्यावी लागते, बाटली जड होते.

इटलीतल्या किआन्ती भागातली जुनी बाटली, फियास्को, हेच सांगते. कारागीर काचेचा फुगा फुंकायचा. बूड गोलच राहायचं, कारण तेच सोपं आणि पक्कं. मग त्याभोवती सुक्या गवताचं विणकाम करून खाली बैठक द्यायची, आपल्या माठाच्या चुंबळीसारखी. गवतामुळे बाटली उभी राहायची आणि प्रवासात एकमेकींवर आपटून फुटायचीही नाही. पुढे यंत्रावर सपाट बुडाची मजबूत बाटली निघाली, तेव्हा गवताची गरज संपली, पण पर्यटकांना ती आवडते म्हणून टिकवली. होता होता गवताची बाटली म्हणजे स्वस्त माल असा शिक्का बसला, आणि चांगली वाइन करणारे किआन्तीवाले साध्या सरळ बाटलीकडे गेले.

तिथूनच पूर्वेला वेर्दिक्किओ नावाची पांढरी वाइन होते. तिथल्या फात्सी बात्ताल्या कंपनीने १९५३ साली बाटलीसाठी स्पर्धा घेतली आणि अंतोनियो मायोक्की या वास्तुविशारदाचा अँफोराच्या घाटाचा, कमरेत बारीक असा नमुना निवडला. हिरवी, कमनीय बाटली. तिने ती वाइन जगभर नेली. पण त्या आकारात अडचण कोणती सुटली? जहाजात रचायची नव्हती, टोकाला धरून ओतायची नव्हती. राहिली ती फक्त आठवण. आणि तो आकार बाजारू वाटायला लागल्यावर त्या भागातल्या अनेकांना स्वतःची वाइन गंभीरपणे घ्यायला लावण्यासाठी तो सोडावा लागला. मला ती बाटली मनापासून सुंदर वाटते, तरीही दादाला मी ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

निघताना वहिनींनी एक माठ घेतला. मागच्या सीटवर माझ्या मांडीवरच तो तुळजापूरपर्यंत आला.

रविवार : तुळजापूरकडचा मळा

पहाटे भवानीचं दर्शन, मग थेट मळा. गोडी छाटणी ऑक्टोबरात झालेली, आता जानेवारीअखेर शिराझ जातीच्या द्राक्षांचे घड काळेभोर. दादाने चार-पाच मणी चिरडून रस साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला, डोळ्याला लावला आणि अजून आठवडाभर थांबायचं म्हणाला. हे काम करताना त्याचा चेहरा वेगळाच असतो. त्याला कॅटलॉग लागत नाही.

गटातले शेतकरी जमले. मी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक रिकामी बाटली काढून ओट्यावर ठेवली. जर्मनीला जाऊन आलेल्या सहकाऱ्याने दिलेली बॉक्सबॉयटल. चपटी, गोलसर, मान आखूड. दोन्ही बाजूंनी साच्याची शिवण स्पष्ट दिसते, बुडाशी उठावाचे ठिपके आणि साच्याचा आकडा. ही फ्रांकेन प्रांताची बाटली. वुर्झबुर्गच्या बुर्गरश्पिटाल या धर्मादाय संस्थेच्या वाइनमध्ये भेसळ करून विकणारे वाढले, तेव्हा १७२६ साली नगरसभेने तिची उत्तम वाइन याच बाटलीत भरायची असं ठरवलं. त्या काळी असा आकार फुंकणं सोपं नव्हतं, हाच भेसळवाल्यांना अडसर. आज युरोपीय कायद्याने तो आकार राखीव आहे, थोडे अपवाद सोडून. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली वाइनही पूर्वापार तशाच बाटलीत यायची, त्यावरून भांडण १९८४ साली युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल असा लागला की तिथली परंपरा खरी असेल तर जर्मनीला ती वाइन अडवता येणार नाही.

वहिनींनी बाटली ओट्यावर आडवी केली, ढकलून बघितली. "ही गडगडत नाही," त्या म्हणाल्या. चपटेपणाचा हा दुसरा गुण. पोर्तुगालमध्ये १९४२ साली मातेउश रोझे निघाली तेव्हा तिचा घाट सैनिकांच्या पाण्याच्या चपट्या बाटलीवरून घेतला होता.

मग एकेकाचे प्रश्न. शॅम्पेनची बाटली एवढी जाड का? आत सहा वातावरणांइतका दाब असतो. बुडाचा खोल खळगा तो दाब वाटून घेतो. तरीही तिथल्या उत्पादकांनी २०१० पासून नेहमीच्या बाटलीचं वजन ९०० ग्रॅमवरून ८३५ वर आणलं, वाहतुकीचं ओझं कमी व्हावं म्हणून. मग सपाट बुडाची शॅम्पेन कशी? ती क्रिस्टल, १८७६ साली रशियाच्या झार दुसऱ्या अलेक्झांडरसाठी केलेली. खळग्यात काही लपवता येऊ नये आणि आतलं दिसावं, म्हणून पारदर्शक आणि सपाट, असं सांगतात. त्याला घातपाताची भीती होती, आणि ती खोटी नव्हती, १८८१ साली तो बॉम्बहल्ल्यातच गेला. ज्युरा प्रांतातली व्हॅन जोन ही पिवळी वाइन ६२० मिलीच्या ठेंगण्या बाटलीत भरतात, कारण सहा वर्षं आणि वर काही महिने पिंपात राहिल्यावर एका लिटरचं साधारण तेवढंच उरतं. हे ऐकून एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "म्हणजे बाटलीच हिशेब सांगती."

दादाने पिळाची बाटली पुढे केली. मी माझ्या कामातलं जे आहे ते सांगितलं. काचेची भट्टी रात्रंदिवस चालते, काही हजार नगांसाठी कोणी नवा साचा चढवत नाही. वायनरीच्या लाइनवर बाटली पुढे सरकवणारी खाचांची चाकं, म्हणजे स्टार व्हील, गोल बाटलीच्या मापाची बसवलेली असतात, तिकोनीसाठी हे सगळे बदलायचे भाग वेगळे. निमुळत्या आणि पिळाच्या भागावर कागदी लेबलला सुरकुत्या पडतात. खोक्यातले कप्पे वेगळे. पारदर्शक काच घेतली तर उजेडाने वाइनचा वास बिघडतो, म्हणून हिरवी किंवा तपकिरी बरी. आणि यांची वाइन किती, तर एका २२५ लिटरच्या पिंपातून ३०० बाटल्या, अशी थोडी पिंपं.

"मग आपली ओळख कशी राहायची?" एकाने विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. मी काही त्यांना लेबलावर भागवा म्हणायला गेले नव्हते.

फ्रान्सच्या दक्षिणेला शातोनफ-द्यु-पाप नावाचं गाव आहे. १९३७ साली तिथल्या उत्पादकांनी साध्या उतरत्या खांद्याच्या बाटलीवर पोपचा मुकुट आणि किल्ल्यांचं चिन्ह काचेतच उठवून घेतलं. आकार नेहमीचाच, यंत्रावर चालणारा, पण अंधारात बोट फिरवलं तरी गाव कळतं. खर्च एकट्याचा नाही, गावाचा. मी हे सांगत असताना दादाने बॉक्सबॉयटलच्या बुडाशी असलेल्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, दोनदा.

दुपारी भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत झालं. त्यानंतर बोलणं पुढे सरकलं. पहिल्या हंगामात वायनरीच्या साठ्यातली हिरवी, चारशे-पाचशे ग्रॅमची साधी बाटली घ्यायची. उठावाच्या चिन्हासाठी आणखी दोन गट सोबत येतात का ते बघायचं, म्हणजे साच्याचा खर्च वाटला जाईल. चिन्ह काय असावं यावर मात्र एकमत होईना. कोणी देवीची कवड्यांची माळ म्हणालं, कोणी द्राक्षाचं पान. पान प्रत्येकाकडे असतं, असं दादानेच सांगितलं. वहिनींनी तेरच्या मातीच्या मण्यांचं चित्र मोबाईलवर दाखवलं. ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं.

संध्याकाळी दादाने वायनरीला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो बाटलीच्या तोंडाच्या मापाचा.